दिसला नाही, पाहिलं नाही

सरांची मेहुणी बावन्न वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला शेंडेफळच म्हणत. पाच भावंडांत धाकटी, म्हणून चिकटलेलं नाव. बाहेर मात्र ती न्यायालयात दुभाषी होती आणि तिथे तिची ओळख दुभाषीबाई अशी. दूरदेशाहून कामाला आलेली माणसं साक्षीला उभी राहिली की त्यांचं बोलणं आपल्या भाषेत आणि न्यायालयाचं बोलणं त्यांच्या भाषेत करायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती.

सर वकिलीच्या विद्यार्थ्यांना व्यवसायनीती शिकवत. कर्तव्य मानणारे काय म्हणतात, परिणामांवरून पारख करणारे काय म्हणतात आणि आधी माणूस चांगला घडू द्या म्हणणारे काय म्हणतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मेहुणी त्यांची फिरकी घेई. "भाऊजी, तुमची दुकानं तीन, पण माल एकच दिसतो. पाट्या तेवढ्या निरनिराळ्या." सर हसून सोडून देत. मनातून त्यांना वाटे, इकडचा शब्द तिकडे ठेवणारी ही, हिला त्यातलं काय कळणार.

एकदा ते आपल्या वर्गाला खटला दाखवायला घेऊन गेले, आणि नेमकी तिथे मेहुणी होती. आरोपी क्रेन चालवणारा, साठीला टेकलेला, रुंद पंजांचा माणूस. धक्क्यावर माल उतरवताना त्याच्या क्रेनचं ओझं वेळेआधी खाली आलं होतं आणि खालच्या एका कामगाराचा पाय चिरडला होता. खालून हाताने खुणा करणाऱ्याने थांबण्याची खूण केली होती, यावर दोन साक्षीदार ठाम होते. प्रश्न एवढाच होता की ती खूण वर बसलेल्या माणसापर्यंत पोचली की नाही.

क्रेनवाला हळू, जवळजवळ छातीतल्या छातीत बोलत होता. त्याच्या बाजूला मेहुणी ताठ उभी होती. सरकारी वकिलाने खुणेबद्दल विचारलं, तो दोन-चार शब्द बोलला आणि ती म्हणाली, "त्याचा हात मला दिसला नाही." दुभाषी नेहमी ज्याचं बोलणं त्याच्याच तोंडाने बोलतो, 'मी'च म्हणतो. बचावाच्या वकिलाने मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं, पण त्याचे खांदे सैल झाले ते सरांच्या नजरेतून सुटलं नाही. दिसलाच नाही म्हटल्यावर दोष कसला? विद्यार्थीही परतताना खुशीत होते. म्हातारा सगळ्यांना आवडला होता.

संध्याकाळी मेहुणी बहिणीकडे आली. दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या, सर पेपर चाळत होते. खटल्यातलं अक्षरही ती घरी कधी काढत नसे. मध्येच सरांच्या बायकोने विचारलं, आपला चष्मा कुठे आहे. मेहुणी म्हणाली, दिसला नाही. थोरली म्हणाली, "दिसेल कसा? तू पाहिलंस कुठे?"

मेहुणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिचा चेहरा इतका उतरला की थोरलीने पाणी आणून दिलं. मग तिने सरांकडे वळून सांगितलं, "तुम्ही तिथे होतात म्हणून तुमच्याशी बोलते." त्या माणसाच्या भाषेत 'दिसणं' आणि 'पाहणं' याला क्रियापद एकच. शेवटी एक छोटासा उच्चार जोडला की 'मी पाहिलं नाही' होतं, न जोडला तर 'मला दिसलं नाही'. तो उच्चार त्याने केला होता. ती आता तो स्पष्ट ऐकत होती. "माणूस भला वाटला, भाऊजी. कानाने सोयीचं तेवढं घेतलं."

सरांनी पेपर बाजूला ठेवला आणि वर्गात बोलावं तसं बोलायला सुरुवात केली. जखमी कामगार आता कुबडीशिवाय चालतो आहे, मालकाने त्याची भरपाई केली आहे. म्हाताऱ्याला शिक्षा झाली तर कोणाचं भलं होणार? दोन मुली त्याच्यावर अवलंबून आहेत. शिवाय तिने मुद्दाम खोटं सांगितलेलं नाही, ऐकण्यात चूक झाली. अशी चूक म्हणजे कर्तव्याचा भंग नव्हे. आणि तिचं स्वतःचं काय? सव्वीस वर्षांत एकही ठपका नाही, आता न्यायालयाच्या दुभाषांच्या यादीतून नाव उडालं तर या वयात काय करणार? बोलता बोलता आपल्यालाच आपलं पटतंय असं त्यांना वाटू लागलं. तिन्ही दुकानांतून त्यांनी एकच माल काढून दाखवला होता: गप्प बस.

ती शेवटपर्यंत ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुमचं असेलही बरोबर. पण ते वाक्य माझं नाही. त्याचं आहे. दुसऱ्याच्या वाक्यात मी कोण दयाळू होणारी?"

उरलेले मटार तिने सोलले आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सर एकटेच न्यायालयात जाऊन बसले. कामकाज सुरू होताच मेहुणी उभी राहिली आणि कालच्या साक्षीतलं एक वाक्य आपण चुकीचं सांगितलं, असं तिने तीन वाक्यांत सांगितलं. आवाज चढला नाही, माफीची लांबण नाही. बचावाच्या वकिलाचा चेहरा पडला. त्याने तिला असं झोडलं की सरांनाच मान वर करवेना: काल बरोबर ऐकलं की आज, सव्वीस वर्षांत आणखी किती ठिकाणी असं झालं, तुमच्या भरवशावर किती जण आत गेले. प्रत्येक प्रश्नाला तिने जेवढ्यास तेवढं उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "मला माहीत नाही." आणि हे सगळं ती आरोपीला त्याच्या भाषेत सांगतही होती, कारण त्याला कळणं हा त्याचा हक्क होता. स्वतःवर होणाऱ्या टीकेचा एक शब्दही तिने गाळला नसावा, हे सरांना तिच्या वाक्यांच्या लांबीवरूनच कळत होतं.

न्यायाधीशांनी ध्वनिमुद्रण मागवलं, दुसऱ्या दुभाष्याला बोलावलं. त्यात दोन तास गेले. त्या दुभाष्याने कान लावून ऐकलं आणि बाईंचं आजचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. मग आरोपीला पुन्हा विचारलं. तो म्हणाला की सकाळपासून प्रत्येक खेपेला त्याने त्या हाताकडे पाहिलं होतं, त्या एका खेपेला पाहिलं नाही. सवयीने लिव्हर ओढला. कालही त्याने हेच सांगितलं होतं.

दुपारी बाहेरच्या लांब बोळात सर मेहुणीपाशी उभे होते, तोच वकिलाबरोबर क्रेनवाला आला. वकील तिला टाळून पुढे निघाला, पण म्हातारा थांबला आणि बोलू लागला. तिला त्याच्याशी खाजगीत बोलायची परवानगी नव्हती. म्हणून तिने वकिलाला हाक मारून थांबवलं आणि तिथेच उभ्याउभ्या, तोच सपाट सूर लावून, त्याचं बोलणं सांगायला सुरुवात केली.

"माझे शब्द ऐकल्यावर काल सगळे खूश दिसले. मला कळेना, मी असं काय बोललो. धीर करून मी खरं सांगितलं होतं, आणि कोणीच दचकलं नाही. वाटलं, इथे माझ्या बोलण्याला किंमतच नाही." क्रेनवाला थांबला, तिच्याकडे बघून आणखी काही बोलला. तिने पुढे सांगितलं, "या बाईंनी माझं बोलणं मला परत दिलं. त्यांना माझा नमस्कार सांगा."

तो नमस्कार दुसऱ्या कोणाला पोचवायचा नव्हता, तिलाच होता. तिने क्षणभर वकिलाकडे पाहिलं, मग क्रेनवाल्याला हात जोडले. वकिलाने टोपी काढून हातात घेतली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. निष्काळजीपणा सिद्ध झाला, क्रेनचा परवाना दीड वर्षासाठी गेला. तुरुंगवास मात्र झाला नाही. माणूस स्वतःहून खरं बोलला, हे निकालपत्रात लिहिलेलं होतं. तो आता त्याच धक्क्यावर खाली उभा राहून मालाच्या याद्या तपासतो, पगार निम्म्यावर आला आहे. मेहुणीला लेखी ताकीद मिळाली आणि पुढचे दोन महिने कुठल्याही खटल्याला बोलावणं आलं नाही. ते दोन महिने ती बहिणीकडे येऊन लोणी लावलेला पाव खात, जुन्या साक्षींची ध्वनिमुद्रणं कानाला लावून बसे, पुन्हा तपासत. आणखी दोन किरकोळ चुका सापडल्या. त्याही तिने कळवल्या.

सरांनी तिला वर्गात येऊन बोलायचा आग्रह केला. ती म्हणाली, स्वतःचं बोलायची तिला सवय नाही. मग त्यांनीच ती हकीगत विद्यार्थ्यांना सांगितली. हा कर्तव्याचा विजय की चारित्र्याचा, असा वाद लगेच सुरू झाला आणि बाकं तापली. सर बराच वेळ ऐकत राहिले. नंतर त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि चूक कबूल करण्याच्या आदल्या संध्याकाळी दुभाषीबाईंना गप्प राहण्याचा सल्ला एका जाणत्या माणसाने दिला होता, हे सांगितलं. कोणीतरी विचारलं, तो माणूस कोण.

"मी," सर म्हणाले.