सीतो वस्तादांची शेवटची बरणी

सीतो वस्तादांच्या अर्काचा वास एकदा घेतलेला माणूस तो जन्मात विसरत नसे, आणि ज्याच्या अंगाला अर्क लागला त्याला घरचे तीन दिवस जवळ घेत नसत. तांदळाच्या कडक दारूत कसली कसली मुळं, साली आणि राळ घालून बरणी तीन वर्षं मुरवायची, असा तो प्रकार. वस्ताद हाडवैद्य होते. खांदा निखळो, पाय मुरगळो, मुका मार बसो, हाँगकाँगमधल्या सिंहाच्या डोंगराखालची ती आख्खी वसाहत त्यांच्याच दारात लंगडत यायची. ते गेले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे सीतोकाकूंनी, दुकान पुढे चालवलं. काकूंच्या हाताला गुण होता, पण अर्क काही वस्तादांसारखा जमेना. दोनदा बरणी घातली, दोन्ही वेळा काहीतरी उणं राहिलं, आणि काय उणं ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना. तिसरी घालायला मग हात धजेना. वस्तादांच्या हातची शेवटची बरणी तेवढी त्या पुरवून पुरवून वापरत. कधी औषध काढायचं नसलं तरी झाकण उघडून नाक लावत आणि परत घट्ट बसवून टाकत.

झाकण निघालं की वरच्या मजल्यावर खिडकी धाडकन बंद होई. तिथे शुम राहायचे. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेल्या या माणसाला जगात दोनच गोष्टींची आवड होती, पिंजऱ्यातला आपला पक्षी आणि तक्रार. पक्षी गात नाही तो या वासामुळे, हे त्यांनी वीस वर्षं धरून ठेवलं होतं. वसाहतीच्या कचेरीतल्या बाईंना त्यांची तक्रार इतकी पाठ झाली होती की त्या शुमना लांबून बघूनच मान हलवायला लागत.

अशात तो उन्हाळा आला आणि हाँगकाँग रस्त्यावर उतरलं. आपल्या शहराचा कारभारी आपण निवडू, एवढंच लोकांचं म्हणणं. पण उत्तरेकडच्या मोठ्या सरकारला ते मिरचीसारखं झोंबलं. सुरुवातीला काकू या सगळ्याला नाकं मुरडत होत्या. ते केवढे, आपण केवढे, अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं त्यांनी शेजारच्या पेजवाल्या बाईला ऐकवलंही होतं. मग एका रविवारी त्या देवळात जायला निघाल्या आणि मोर्चात सापडल्या. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी तुंबलेला, हलायला जागा नाही, आणि मागून आली रुग्णवाहिका. कुणी शिट्टी फुंकली नाही की हुकूम सोडला नाही. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने त्याच्या पुढच्याच्या, आणि ती अफाट गर्दी मधोमध उघडली. गाडी गेली, गर्दी मिटली. एका पोरीने काकूंना कोपराला धरून सावलीत नेलं आणि पाणी दिलं. तिच्यामागे एक पोरगा खाली पडलेल्या बाटल्या पिशवीत भरत होता. काकूंनी लग्नाच्या पंगतीतसुद्धा एवढी शहाणी माणसं पाहिली नव्हती. त्या तशाच माघारी फिरल्या आणि पेजवालीला म्हणाल्या की दर्शन झालं.

तेव्हापासून मार खाल्लेली पोरं मागच्या दाराने काकूंकडे यायला लागली. मोठ्या दवाखान्यात गेलं तर नाव विचारतात, अशी त्यांच्यात भीती होती. काकू नाव विचारत नसत. काय दुखतंय ते विचारत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी संध्याकाळी अश्रुधूर थेट वसाहतीत शिरला. म्हातारेकोतारे अर्ध्या चड्डीत, पायात घरातल्या सपाता घालून खाली उतरले आणि शिरस्त्राण घातलेल्या पोलिसांना तोंडावर सांगू लागले की इथे तान्ही बाळं झोपतात, निघा. त्या धावपळीत दोन मैत्रिणींनी पुई-यानला काकूंच्या दुकानात आणून बसवलं. वीसेक वर्षांची पोर, डावा खांदा निखळून खाली आलेला, ओठ पांढरे पडलेले. काकूंनी हात हलकेच हातात घेतला आणि आईच्या हातचं काय आवडतं म्हणून विचारलं. पोर म्हणाली, वाफवलेलं अंडं, वरून थोडा कांदा... आणि त्या कांद्यावरच खांदा जागेवर बसला. तिने हूं की चूं केलं नाही. एवढ्याशा पोरीचं ते धैर्य पाहून काकूंना इतकं भरून आलं की त्यांनी वस्तादांची बरणी उघडली आणि कंजुषी न करता खांद्यापासून कोपरापर्यंत अर्क चोळला. वर खिडकी धाडकन बंद झाली.

रात्री पोर दुकानातच झोपली. झोपण्याआधी तिने सांगितलं की ती एकदा पकडली गेली आहे आणि जामिनावर आहे. पुन्हा सापडली तर जामीन नाही. किती वर्षं आत जाईल ते वकिलालाही सांगता येत नाही. हे ती परीक्षेची तारीख सांगावी तशी सांगत होती.

रविवारी दुपारी पेजवाली धापा टाकत आली. वसाहतीच्या तोंडाशी, भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी पोलीस उभे होते आणि तरण्या पोरांना थांबवून त्यांचा वास घेत होते. त्यांच्यातला एक सार्जंट हाडवैद्याच्या अर्काचा वास बरोबर ओळखत होता. ज्याच्या अंगाला वास, त्याला कालचा मार, असा त्याचा हिशेब. दोन पोरांना त्याने असंच बाजूला काढलं होतं. आणि संध्याकाळपासून घराघरांत झडती होणार, असंही बोललं जात होतं.

वास तीन दिवस जात नाही, याची वस्तादांनी आयुष्यभर मिजास मिरवली, आणि काकूंनीही. मायेच्या भरात आपण आपल्याच हाताने पोरीच्या अंगावर शिक्का मारून ठेवलाय, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिला साबणाने घासलं, आल्याने घासलं, लिंबाने घासलं. शेवटी पोरीला अर्काचा वास येत होताच, वर लिंबाचाही यायला लागला. पुई-यान म्हणाली, "आजी, राहू दे. मी अशीच जाते. मी इथे सापडले तर तुमचंही दुकान जाईल."

नेमके त्याच वेळी शुम दारात उभे राहिले. कालपासून घरात बसवत नाही, पक्षी पाणी पीत नाही, माणसाने जगायचं की नाही, अशी त्यांची गाडी सुरू झाली. काकूंचा तोल सुटला. "भाऊजी, आज नको," त्या म्हणाल्या. "या वासापायी आज एका पोरीचा जन्म तुरुंगात जाणार आहे. तुमची तक्रार खरी ठरली. आता जा वर आणि खिडकी लावून घ्या."

शुमनी पोरीकडे पाहिलं. या पोरांबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं. यांनी धंदे बुडवले, रेल्वे बंद पाडली, असं ते सकाळ-संध्याकाळ म्हणत. पेजवालीने त्यांना हलक्या आवाजात काय झालं ते सगळं सांगितलं. शुम बाकावर बसले आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकवली.

"लावा."

"काय?"

"अर्क लावा, वहिनी. गुडघ्याला लावा, मानेला लावा. हात आखडू नका, लांबून वास आला पाहिजे."

काकूंनी बरणी पुढे ओढली. तेव्हा शुम जमिनीकडे बघत म्हणाले, "तिच्याएवढा होतो, तेव्हा उत्तरेच्या त्या सरकारच्या मुलखातून पळून, पोहत आलो मी. किनाऱ्यावर एका कोळणीने काही न विचारता कोरडे कपडे दिले. तिचं नावही मला माहीत नाही."

मान माखून शुम जिना चढले. सगळे मजले त्यांनी घेतले. कुणाकुणाच्या दारावर थाप मारली आणि काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक, पण थोड्याच वेळात दुकानापासून कोपऱ्यावरच्या धोब्यापर्यंत रांग लागली. पाठदुखीवाले होते, पाठ धडधाकट असलेले होते, शाळेच्या बाई होत्या, तान्ह्या बाळाला नवऱ्याकडे देऊन आलेली एक बाळंतीण होती. जिच्याशी शुम तीन वर्षं बोलत नव्हते ती चौथ्या मजल्यावरची बाईसुद्धा मनगट पुढे करून उभी होती. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. पुढे सरका, मागे म्हातारी आहे, बसायला द्या, एवढंच काय ते बोलणं. काकूंना रुग्णवाहिकेला वाट देणारी ती गर्दी आठवली. ती गर्दी म्हणजे कुणी वेगळी माणसं नव्हतीच, ती यांचीच बनलेली होती.

बरणी खाली खाली जात होती. एकदा काकूंचा हात थांबला. हा संपला की वस्तादांचा वास या जगातून गेला, मग तो कुठे शोधायचा. पुढच्या म्हाताऱ्याने मान तशीच पुढे करून ठेवली होती. काकूंनी बरणी तिरपी केली आणि तळाचा गाळसुद्धा ओंजळीत घेतला.

मग माणसं दोघं-तिघं मिळून निघाली. कुणी बाजाराची पिशवी घेतलेली, कुणी छत्री. पुई-यानने काकूंचं सैल फुलाफुलांचं जाकीट चढवलं होतं, डावा हात खिशात होता आणि उजवीकडे शुम होते. काकू पाच-सहा माणसं सोडून मागे चालत होत्या.

जिन्यापाशी सार्जंटने पहिल्यांदा शाळेच्या बाईंना थांबवलं, मग धोब्याला. मग त्याने नाक वर केलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं, आणि गोंधळला. तरीही पुई-यान समोर येताच त्याने हात आडवा केला.

"हिला कसला वास येतोय?"

पोरीने तोंड उघडायच्या आत शुम पुढे झाले आणि सुटलेच. "साहेब, बरं झालं तुम्हीच विचारलंत. वीस वर्षं मी हेच विचारतोय. खाली एक बाई राहते, हाडवैद्य. तिच्या बरणीचा वास भिंतीतून येतो, पाण्यातून येतो, माझ्या भाताला येतो. पक्षी मुका झाला माझा. कचेरीत सांगितलं, दाद नाही. हिला येतो, मला येतो, सगळ्यांना येतो. घ्या, माझ्या मानेचा घ्या. तुम्ही सरकारची माणसं, चला आत्ताच्या आत्ता, त्या बाईचा बंदोबस्त करा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून ते इतकं खरं वाटलं. शुमनी सार्जंटची बाहीच धरली. मागून चौथ्या मजल्यावरच्या बाईने री ओढली, पेजवालीने तिची ओढली, आणि आपापला वास पुढे करत सगळी वसाहत साहेबाभोवती जमली. सार्जंटने एकवार पुई-यानच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं. त्याला काय कळलं नि काय नाही, देव जाणे. त्याने बाही सोडवून घेतली, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "जा आजोबा, जा. नातीला घेऊन जा."

काकू तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. जिन्यावरून खाली उतरणारं फुलाफुलांचं जाकीट दिसेनासं होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

शुम परतले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या स्टेशनापर्यंत ते पोरीसोबत गाडीने गेले, तिथे आई घ्यायला आलेली होती, असं त्यांनी सांगितलं. काकूंनी मान हलवली. त्या रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"संपली?"

"संपली."

"मग नवीन घाला."

"मला जमत नाही ती, भाऊजी," काकू म्हणाल्या, आणि दिवसभर अडवून धरलेलं पाणी डोळ्यांत आलं. "यांच्यासारखा वास येत नाही. आता ताडून बघायला थेंबही उरला नाही. आणि मुरायला तीन वर्षं. कुणी पाहिलीत?"

शुमनी बरणी उचलली, तिच्यात नाक घातलं आणि नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. मग बरणी त्यांच्यापुढे ठेवून ते जिन्याकडे वळले.

"घाला तुम्ही," ते म्हणाले. "वीस वर्षं तुमच्या डोक्यावर बसून हाच वास घेतलाय मी. बिघडला तर वरून सांगेन."

संध्याकाळी काकूंनी बरणी धुतली, दारू ओतली आणि पहिली मुळी आत टाकली. वर खिडकी उघडी होती.