पाचव्या नंबरची सुई

"सात."

मी पुन्हा पहिल्यापासून बोट लावत मोजल्या. एक, दोन, तीन, चार, मग रिकामी जागा, मग सहा, सात, आठ. दुकानाच्या भिंतीवर बनातीची एक पट्टी आहे. जाड लोकरी कापडाच्या ह्या पट्टीत गादीच्या कडा शिवायच्या आठ वाकड्या सुया खोचलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली मामंजींनी पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला आहे. पाचच्या वर नुसती भोकं दिसत होती.

"अगं, फोटो मिळाला का?" बाहेरून ह्यांनी हाक मारली. "खुर्च्या मांडून झाल्या, हार आला. फोटोच तेवढा राहिलाय."

फोटो समोर खिळ्यावरच होता. मामंजींना जाऊन पाच दिवस झाले होते. संध्याकाळी पाचला शाळेच्या सभागृहात त्यांच्यासाठी सभा होती, आणि त्यांच्याबद्दल मी बोलावं असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर मी बसले. ह्यांनी वीज कार्यालयातली नोकरी धरली. वडिलांच्या दुकानाची पायरी सणावारी चढावी तशी चढायचे.

"अहो, पाच नंबर नाही."

"कसला पाच नंबर?"

"सुई."

हे आत आले. पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोन वाजलेत. अजून तुझं भाषण लिहून व्हायचंय. सुई काय, पडली असेल कुठेतरी."

मी खाली बसून जमीन चाचपायला लागले होते. मशीनखाली, कात्रणांच्या पोत्यात, मामंजींच्या खुर्चीच्या बैठकीत. त्यांच्या ॲप्रनचे खिसे उलटे केले. खडू निघाला, मेणाचा तुकडा निघाला, खोकल्याच्या दोन गोळ्या निघाल्या.

मामंजी सतरा वर्षं सैन्यात होते. विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या हवाई छत्र्या घड्या घालून बांधायचं त्यांचं काम. स्वतः कधी उडी मारली नाही, सरावापलीकडे कधी गोळी झाडली नाही. निवृत्त झाल्यावर ताडपत्र्या, पिशव्या, गाद्या शिवायचं दुकान काढलं. कोणीतरी विचारलं, सैन्यात काय करायचात? ते म्हणाले, छत्र्या. झालं! दुसऱ्या दिवशी लोक काड्या मोडलेल्या छत्र्या घेऊन दारात. त्यांनी कोणाला परत पाठवलं नाही, शिकून घेतलं आणि त्याही दुरुस्त केल्या. बावन्न वर्षं गल्ली त्यांना छत्रीवालेच म्हणत आली.

त्यांची एक गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली. एकदा चाळीस छत्र्या बांधून झाल्या, जवानांच्या पाठीवर चढल्या, विमान सुरू झालं, आणि मामंजींच्या लक्षात आलं की हत्यारांतला दोऱ्या ओढायचा एक लोखंडी आकडा कमी आहे. आत कुठे राहिला असेल तर छत्री उघडायची नाही. ते धावत जाऊन विमानाच्या पुढ्यात उभे राहिले. चाळीसही ओझी उतरवून उकलली. आकडा सापडला तो त्यांच्याच दुमडलेल्या बाहीत.

"सगळे मला हसले," मामंजी सांगायचे. "हसेनात का. हसायला चाळीसच्या चाळीस होते."

म्हणून रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी सुया मोजायच्या. एखादी कमी भरली तर त्या दिवशीचं सगळं काम उसवायचं. अलीकडे त्यांची नजर अधू झाली तेव्हा मोजणं माझ्याकडे आलं. ते खुर्चीतून विचारायचे, "मोजल्या?" मी म्हणायची, "आठ." मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठायचे. "मग चला घरी."

सोमवारी पाळणाघराच्या सहा छोट्या गाद्या पुऱ्या केल्या होत्या. कडा त्यांनी घातल्या. सहाही चिठ्ठ्यांवर 'शिवली'पुढे त्यांची सही, 'तपासली'पुढे माझी. टेम्पोवाला बाहेर भोंगा वाजवत होता. दिवे लागायची वेळ होत आली होती. माझा संध्याकाळचा दिवा आणि जप कधी चुकलेला नाही, तापातही नाही. मी पदराला हात पुसत होते आणि तोंडाने स्तोत्र सुरूही झालं होतं.

"मोजल्या?"

"आठ," मी म्हटलं. पट्टीकडे माझी पाठ होती.

पहाटे ते झोपेतच गेले.

पाच दिवस मी दिवा लावत होते आणि चित्त लागत नव्हतं. दुःखामुळे असेल असं मनाला समजावलं. दुःख होतंच. पण आत काहीतरी टोचत होतं, आणि ते काय हे मला आत्ता रविवारी दुपारी कळलं.

"मी पाळणाघरात जातेय," मी म्हटलं आणि टाके उसवायच्या दोन्ही पात्या पिशवीत टाकल्या.

"वेड लागलंय का तुला? आज रविवार!"

"म्हणूनच. उद्या पोरं येतील."

पाळणाघराच्या बाई वरच्याच मजल्यावर राहतात. दार उघडून त्यांनी आधी माझे हात हातात घेतले. "किती शांतपणे गेले हो. मी येतेच पाचला."

"बाई, गाद्या उसवायच्या आहेत."

"काय झालं? चांगल्या आहेत की! पोरं बुधवारपासून लोळताहेत त्यांच्यावर."

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग धडपडत खाली आल्या आणि म्हणाल्या, "थांबा, माझ्याकडे लोहचुंबक आहे. पोरांच्या खेळातलं. उसवायला कशाला हवं?"

"चुंबक 'आहे' म्हणतं, 'नाही' कधी म्हणत नाही," मी म्हटलं. वाक्य मामंजींचं होतं, आणि बोलताना आवाजसुद्धा त्यांच्यासारखा निघाला.

पहिली गादी उसवली. कापूस पिंजून पिंजून चाचपला. काही नाही. दुसरीतही नाही. तिसरी अर्धी झाली तेव्हा हे येऊन दारात उभे राहिले. घामाघूम.

"लोक यायला लागलेत. मी काय सांगू त्यांना? आमची बायको गाद्या फाडत बसलीय म्हणून? लहानपणी ह्या मोजामोजीपायी आम्ही ताटावर ताटकळत बसायचो. बाबा गेले, तरी ते सुटेना!"

"अहो," मी मान वर केली नाही. "सोमवारी मी मोजल्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"आठ म्हटलं. बघितलं नव्हतं. मला दिव्याची घाई होती."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. ह्यांनी बाह्या वर केल्या, माझ्यासमोर मांडी घातली आणि पिशवीतली दुसरी पाती घेतली. चौथी गादी ओढून घेतली आणि टाक्याआड टाका सोडून दोरा सरसर ओढला. दुकानाची पायरी न चढणाऱ्या माणसाच्या हाताला हे कधी आलं, मला माहीत नाही.

कोपऱ्याशी त्यांचा हात थांबला.

कापसात सुई आडवी पडली होती. नेढ्यात वीतभर मेणाचा दोरा तसाच. टोक वरच्या अंगाला, कापडापासून नखभर अंतरावर.

ह्यांनी सुई तळहातावर घेतली. "बाबांच्या हातून?" ते हळूच म्हणाले. "बाबांच्या हातून राहिली?"

"डोळे गेले होते त्यांचे. म्हणून तर मला विचारायचे."

तिसरी पुरी चाचपून मी पाचवी गादी पुढ्यात घेतली.

"आता कशाला? सापडली ना!"

"सहांवर माझी सही आहे."

ह्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि सहावी घेतली.

सहा गाद्या पुन्हा भरून, शिवून होईतो सहा वाजून गेले. पाच नंबरच्याच सुईने शिवल्या. सभागृहात पोचलो तेव्हा मामंजींचा फौजेतला जोडीदार बोलत होता. शहाऐंशी वर्षांचा, कानाने ठार बहिरा. आमच्या केसांत कापूस होता. संयोजकांनी माझ्या हातात कागद दिला. त्यावर 'शूर योद्धा' असं लिहिलेलं होतं.

मी तो घडी करून ठेवला. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. मी एवढंच सांगितलं, की सोमवारी त्यांच्या हातून गादीत एक सुई राहिली. ती राहू शकते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी न बघता खोटं उत्तर दिलं. ते त्या उत्तरावर विश्वास ठेवून घरी आले आणि झोपले.

संयोजक खाकरले.

"काय म्हणाली ती?" जोडीदाराने पहिल्या रांगेतून विचारलं.

हे त्याच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "सुई राहिली होती! सापडली!"

"किती उकलल्या?"

"सहा! सहाच्या सहा!"

म्हातारा काठीवर भार देऊन उठला. सगळ्यांना वाटलं बाहेर निघाला. तो फोटोपुढे गेला, टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि कपाळाशी हात नेला. मग वळून मला म्हणाला, "बरोबर केलंस, पोरी."

परतताना आम्ही दुकानाशी थांबलो. दिवेलागण होऊन गेली होती. घरातला दिवा लागायचा होता आणि मी इथे उभी होते, जन्मात पहिल्यांदाच. सुई पुसून पाचच्या जागी खोचली. हे उंबऱ्याबाहेर, शटरला हात लावून उभे.

"मोजल्या?" त्यांनी विचारलं.

मी पट्टीकडे तोंड करून एकेकीला बोट लावलं. घाई केली नाही.

"आठ."

पुढचं वाक्य ह्यांना पाठ होतं, ताटावर ताटकळायच्या वयापासून. त्यांनी तोंड उघडलं. मग नुसतेच बाजूला सरकले, मला बाहेर यायला वाट दिली. आत मामंजींच्या खुर्चीच्या पाठीवर ॲप्रन लटकत होता, खिसे अजून उलटेच. मी परत आत गेले, ते सरळ केले, खडू, मेण आणि गोळ्या जागच्या जागी ठेवल्या. मग आम्ही दोघांनी मिळून शटर खाली ओढलं.