विमानाची उपणणी

माझा धाकटा भाऊ बन्सीलाल मुंबईला जाऊन विमान उडवायला शिकला आणि दोन माणसांचं एक जुनं विमान घेऊन म्हसावदला आला. गावाशेजारचं आमचं बरड वावर त्याने त्यासाठी सपाट करून घेतलं. सुगी संपली की तो उडे. पंखा हाताने फिरवून द्यायचं काम माझं. फिरवता फिरवता मी विचारायचो, “आभायमा तुन्हं काय हारपेल शे रे?” तो हसे आणि वर जाई.

मग लढाई लागली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. शेवटचा एक डबा उरला. तोरणमाळाच्या डोंगरावर एक अखेरची फेरी मारायची आणि उडणं सोडायचं, असं तो म्हणायचा. पण आज वारं आडवं आहे, उद्या धुकं आहे, असं करत ती फेरी लांबतच गेली.

फाल्गुनात वारा पडला. पान हलेना. गावाची ज्वारी मळून खळ्यांवर पडलेली, आणि वाऱ्यावाचून उपणायची कशी? त्यात सातपुड्याकडून ढग येऊ लागले. दगूबाईचं खळं आमच्या त्या वावराला लागून. बाई एकटी, वर्षाचं धान्य उघड्यावर. ती बन्सीपुढे येऊन उभी राहिली.

“तुन्हा इमानना पंखा वारा करस ना? मंग आठे कर.”

मला हसू आलं. बन्सी हसला नाही. त्याने डोंगराकडे पाहिलं, मग गेला आणि डबा घेऊन आला.

बैलांनी विमान खळ्याशी ओढलं. मोटेच्या नाड्याने शेपूट निंबाला बांधलं, चाकांपुढे दगड लावले. खळ्यावर पायताण चालत नाही, म्हणून बन्सी बूट काढून अनवाणी आत बसला. पहिल्याच झोताला भुसा गेला आणि दाणेही पार हरभऱ्याच्या वावरात गेले. दगूबाईने नुसत्या हाताने दूर सरायची खूण केली. नाडा सैल करून विमान खळ्यापासून लांब ओढलं. मग ती तिवईवर चढून सुपातून ज्वारी सोडू लागली. भुसा लांब उडाला, दाणे सरळ खाली पडले.

रास जवळजवळ पुरी झाली तेव्हा विमान दोनदा खोकलं आणि थांबलं. कानांत एकदम शांतता झाली.

आमच्याकडे उपणणीला हात लावणाऱ्याला राशीतलं सूपभर धान्य देतात. दगूबाईने सूप पुढे केलं. आम्ही गावचे पाटील; पाटलाच्या घरातल्याने ते घ्यावं का, मला कळेना. बन्सीने डोक्यावरची कातडी कानटोपी काढून पुढे धरली. ती भरली, उरलेली ज्वारी माझ्या उपरण्यात पडली.

“अन् तोरणमाळ?” मी विचारलं.

“दादा, मी पोटभर उडनू,” तो म्हणाला. “आते बस.”

त्याच ज्वारीच्या भाकरी त्या दिवशी आम्ही खाल्ल्या. बन्सीने एक जास्तीची मागून घेतली. पाऊस आला तेव्हा दगूबाईची रास घरात होती.

पुढे विमान विकलं आणि सुटं करून दोन बैलगाड्यांवर नंदुरबार स्टेशनला नेलं. पहिली गाडी बन्सीनेच हाकली. कानटोपी तेवढी त्याने ठेवून घेतली. पेरणीला तो तिच्यात बी घेतो.