पॅडवरची हाक

अंगदला एकच धास्ती होती, पॅडवरची जागा जाईल. दिंद्रुडच्या विजयसिंहाच्या बँजो पार्टीत तो सॅम्पलर वाजवायचा. सॅम्पलर म्हणजे रबरी चौकोनांचं यंत्र. आधी त्यात आवाज भरून ठेवायचा, मग चौकोनावर काडी मारली की तोच आवाज हवा तेव्हा बाहेर येतो. या यंत्रामागं उभा राहायला लागल्यापासून गाव त्याला अंगद म्हणायला लागलं होतं. त्याआधी तो नुसता सिदू मेंढक्याचा होता.

विजयसिंहाच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीसाठी नवं गाणं बसवलं होतं. त्यात मधेच मेंढक्याची हाक हवी होती. अंगदनं बापाची हाक मोबाइलवर घेतली, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली आणि यंत्रात भरली. स्पीकरवर लावली तर पोरं हसायला लागली.

"सिदू हाय का पत्र्याचा डबा बे?" विजयसिंह म्हणाला. "उद्या सांजच्याला आवाज साफ पायजे. न्हाईतर सिरसाळ्याचा प्रविण उभा राहील हितं. तू जा मेंढरामागं."

अंगद घरी आला आणि कामाला लागला. फोननं पाठवताना आवाज पातळ झाला होता, म्हणून त्यानं माइक थेट यंत्राला जोडला. पत्र्याच्या खोलीत हाक घुमत होती. त्यानं घरातली सगळी घोंगडी चारी भिंतींना टांगली, तसं घुमणं विरलं. आवाजाची पातळी कमी ठेवून मागाहून वाढवली, तर हाकेबरोबर सूं-सूं पण वाढली. आधीच चढी ठेवली, तर हाकेचं टोक फाटलं. मग सगळ्यात उंच टोक न फाटता मावेल एवढीच पातळी त्यानं धरली. बापाला माइकपासून हातभर लांब, जरा तिरका उभा केला.

"आता मारा हाक, आबा."

"घरात कावून हाक मारायची? हितं एक बी मेंढरू न्हाई."

सिदूनं मारली, पण ती लटकी पडली. पुन्हा मारली, तीही तशीच. शेवटी अंगद चांदीला आत घेऊन आला. ही म्हातारी मेंढी सगळ्या कळपाच्या पुढं चालायची. तिला दाराशी उभी करून सिदू पलीकडच्या भिंतीला गेला.

"हिर्रर्र... य्योऽऽ."

चांदी सरळ चालत आली आणि त्याच्या गुडघ्याला तोंड घासू लागली.

"झालं," अंगद म्हणाला. त्यानं हाकेपुढची मोकळी जागा कापली, म्हणजे काडी पडताच हाक निघावी. मिक्सरकडं जाणारी वायर हेडफोनच्या भोकातून काढून मागच्या मुख्य भोकात घातली. आवाज यंत्रावर वाढवला, मिक्सरवर उतरवला. उरलीसुरली सूं-सूंही गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना विजयसिंहाच्या शेतात तालमीसाठी पार्टीचा टेम्पो लागला, स्पीकर रस्त्याकडं तोंड करून. रस्त्यापलीकडं काढणी झालेल्या रानात सिदूची मेंढरं चरत होती. सिदू आणि अंगदची आई दगडाबाई लांब बाभळीखाली भाकरी खायला बसले होते. अंगदनं काडी मारली.

पोरं गप झाली. पलीकडं सगळ्या माना वर आल्या.

"आयला," विजयसिंह हळूच म्हणाला. "येत्यात का बघू. मार."

"दादा, मधी रस्ता हाय. उसाचे ट्रॅक्टर चालू हायेत."

"प्रविणला फोन लावू का?"

एकदाच मारू, अंगदनं मनाशी म्हटलं, आणि मारली. मेंढरं बांधापर्यंत येऊन थबकली. चांदी इकडंतिकडं बघत होती. मालक दिसत नव्हता.

"पुन्हा मार बे. भ्याली ती."

अंगदनं पुन्हा मारली. चांदी डांबरावर चढली आणि सगळा कळप तिच्यामागं. वळणावरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. उसानं भरलेला ट्रॅक्टर ब्रेक दाबल्या दाबल्या कुठं थांबतो? सिदू उठला, ओरडत पळाला. त्याचा आवाज इथवर पोचलाच नाही.

मागची मेंढरं परत फिरली. पुढची चाकांखाली सापडून रस्त्यावरच राहिली, चांदी सगळ्यात आधी.

दगडाबाई पळत येऊन रस्त्याच्या मधोमध खाली बसली. विजयसिंहानं तिकडं बघितलं, मग अंगदच्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज एक नंबर केला बे. प्रविणला नको म्हणून कळवा."

अंगदला रडू यायला हवं होतं. आधी छाती हलकी झाली.

सकाळी सिदू टेम्पोपाशी आला. अंगद वायरी गुंडाळत होता.

"अंगद, ती हाक पुसून टाक."

"आबा..."

"उरलेली येत न्हाईत रं. मी हाक मारली की काट्याकुट्यात घुसत्यात. तुझी आय हातानं एकेक वढून आणतीय."

"मिरवणूक होऊ द्या, आबा. मग पुसतो."

 सिदूनं खिशातून जर्मनची वाटी काढली आणि तिच्यावर चमच्यानं टणटण करत तो रानाकडं गेला. मेंढरांना आता नवा आवाज शिकवायचा होता.

सांजेला मिरवणूक त्याच रस्त्यानं निघाली. गाणं हाकेच्या जागेवर आलं. अंगदनं काडी उचलली आणि ठोक्यावर मारली. आवाज लख्ख आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पलीकडच्या रानात मेंढरं उधळली, आणि त्यांच्यामागं पळणाऱ्या माणसाची वाटी कुणालाच ऐकू आली नाही.