आश्रुबाचे नऊ खवले

आश्रुबाकडे माशाचे नऊ खवले होते, पण दगड झालेले. सिरोंच्याकडच्या खडकातून त्याने ते स्वतः छिन्नीने काढले होते. आजच्या रोहूचा खवला म्हणजे नुसता पापुद्रा. हे मात्र जाड, शंकरपाळ्यासारखे, खाली हाड आणि वर काचेसारखी चकाकी. मासा वाढे तसा त्या चकाकीवर नवा थर चढे. तो कसा चढत गेला, हे लहानापासून मोठ्यापर्यंत नऊ खवले कापून दाखवायचं, एवढाच त्याचा प्रबंध. सहा वर्षं त्यात गेली होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता तीन आठवडे उरले होते आणि सोमवारी पहिला खवला कापायचा होता.

परभणीच्या एका कॉलेजात तो डेमॉन्स्ट्रेटर होता. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हापासून माय, सुलाबाई, त्याच्याजवळच. खोली घरमालकीण कमलबाईंच्या घरामागची. त्यांना जात सांगितलेली नव्हती. गावावरून पडलेलं आडनाव दोघांना झाकून नेत होतं. मायला त्यानंच पढवलं होतं की मासळी दार लावून शिजवायची आणि खवले-काटे उकिरड्यावर टाकायचे नाहीत, कुत्री ओढून आणतात, चुलीत घालायचे. एवढा शिकला आणि आईला काय शिकवलं, तर भ्यायला.

शनिवारी दुपारी तो घरी आला तेव्हा टेबलावरचा बिस्किटाचा डबा रिकामा होता.

"माय, यातले खवले कुठं हायत?"

"जाळले की. कमलबाई गळकं छत बघायला येते म्हणली. तूच म्हणला होतास, डब्यात माशाचे खवले हायत म्हणून. लय भ्याले बघ. एवढ्याशा खोलीत लपवू कुठं? चुलीत घातले आन् वरून पऱ्हाट्या लावल्या."

आश्रुबानं चिमट्यानं राख उपसली. हाडं तडकली होती आणि चकाकीच्या कपच्या उडाल्या होत्या. थर सुटे झाले होते, सहा वर्षं ते बघायला तो तडफडत होता. पण कुठला थर कोणत्या खवल्याचा, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. एक कपची त्यानं उचलली तर बोटातच तिचा भुगा झाला. खूप ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

"आली होती का कमलबाई?"

"आली, बसली, च्या पिऊन गेली. तिला काईच कळलं न्हाई." सुलाबाईच्या तोंडावर सुटकेचं हसू होतं. मग तिनं चुलीकडे पाहिलं. "पर आश्रुबा, एवढे जाळले आन् वास कसा न्हाई आला रं?"

"लय जुने होते, माय."

"मग बरं केलं ना म्या?"

"बरं केलंस," तो म्हणाला आणि राख पाटीत भरू लागला.