काचेबाहेरचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, डाव्या पायाचा. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, मला खात्री नाही. माझा उजवा भाऊ क्लबात काचेच्या कपाटात बसला आहे. तुम्ही बहुधा त्याचीच ऐकली असती.

आम्ही एकाच कातड्यातून निघालो आणि मेयो परगण्यातल्या कोलमन गेराटीच्या पायांत एकाच रविवारी चढलो. आमच्या खेळात चेंडू हाताने झेलतात, पायाने मारतात; आडव्या दांडीवरून गेला की गुण. कोलमनचा प्रत्येक गुण भावाने मारला. मी चिखलात रुतून तोल सांभाळायचा आणि कौतुक त्याचे व्हायचे. मी आतल्या आत जळत असे. एक चेंडू, एकच, माझ्याकडून दांडीवरून जावा, एवढे मला हवे होते.

परगण्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी चेंडू माझ्यापुढे पडला. बरोबरीला एक गुण हवा होता, वाट मोकळी होती. कोलमन मात्र भावाकडे वळला, आणि तेवढ्यात कोणीतरी हात घालून चेंडू अडवला.

"अरे कोलमन, डावा पाय काय गाई हाकायला ठेवलायस?" कुंपणापाशी म्हातारा मार्कस ओरडला.

तरीही पुढे कपाट मिळाले ते भावाला. मला कोलमनच्या बायकोने, अट्रॅक्टाने, चुलीशी वाळत घातले. माझे चामडे तडकले आणि मी जळणाच्या खोपटात पडलो.

केस पिकल्यावर कोलमन गावच्या मुलींना शिकवू लागला. त्यांतली डेर्व्हला नेमकी त्याच्यासारखीच, उजव्याशिवाय मारायची नाही. एका संध्याकाळी त्याने मला तेल चोळून मैदानावर नेले.

"डाव्यात हा घाल, उजव्यात कापडी जोडा. उजव्यानं मारलंस तर बोटं ठणकतील."

"याच्यात उंदीर राहत होता का, कोलमन?"

"होता. तुझ्यापेक्षा बरं मारायचा."

मुली हसल्या. डेर्व्हलाने मला हातात धरून विचारले, "तुम्ही स्वतः कधी मारलाय डाव्यानं?"

तो सामना घरोघरी ठाऊक होता. कोलमन गवतावर बसला, मला पायात घातले आणि उठला.

पहिला चेंडू शेजारच्या चर्चमधल्या फादरच्या कोबीत गेला.

"आता फादर त्याचं सूप करणार," डेर्व्हला म्हणाली.

दुसरा वाकडातिकडा उडाला, दांडीला घासला आणि पलीकडे पडला. माझी शिवण उसवली.

"अजून एक टाक गं," कोलमन म्हणाला.

मित्रांनो, माझा हेवा अजून गेलेला नाही. आता मी डेर्व्हलाच्या गुण मारणाऱ्या नव्या डाव्या बुटावर जळतो. तरी सांगतो: ओले बूट आगीशी ठेवू नका, आत कागद कोंबून सावलीत वाळवा. आणि ज्या पायावर तुमचा भरवसा नाही, त्यालाही चेंडू मारू द्या.