नकाशातली झुडपं

तिच्या पायाला लहानपणापासून उसंत नव्हती, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. पण गुरुवारपासून तिच्या येरझाऱ्या इतक्या वाढल्या की शिंपीकाम करणाऱ्या तिच्या बापाने शेवटी मशीन थांबवलं.

"अगं, बस की जरा. तुझ्याकडे बघून माझी टीप वाकडी जातेय."

बसणार कशी? भिंगरी लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गात शेवटच्या वर्षाला होती. बंद पडलेल्या काचकारखान्याच्या आवारात बाग कशी करता येईल, हा तिचा प्रबंध. तो नगरपालिकेला इतका पसंत पडला की त्यांनी बाग खरोखरच करायला घेतली. वर्गात तिचा भाव वधारला. गुरुवारी तिच्या मार्गदर्शक मॅडम हसत म्हणाल्या, "शनिवारी सकाळी तळ्याची खोदाई सुरू होतेय बरं का!" आणि भिंगरीला कारखान्याच्या पंपघरामागचा कोपरा आठवला.

बाग आखण्याआधी आवारातलं एकूण एक झाड मोजायचं असतं. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, फांद्यांचा पसारा, नकाशावर एक गोल आणि त्यात नंबर. भिंगरीने तेव्हा चार दिवस भर उन्हात दोनशेच्या वर झाडं मोजली. उरला पंपघरामागचा कोपरा. वाटेत काटेरी जाळी, अंगात त्राण नाही, आणि कागद तर लगेचच्या सोमवारी द्यायचे होते. तिने उपग्रहाच्या चित्रात पाहिलं, हिरवं काहीतरी दिसलं, आणि ठोकून दिलं: झुडपं. पुढे जमिनीचा उतार तपासला, तर आवारातलं सगळं पाणी त्याच कोपऱ्याकडे जात होतं. झुडपंच तर आहेत, म्हणून तळंही तिथेच. मॅडमनी सही केली. आता नकाशात जे झुडूप, ते खोदणाऱ्यालाही झुडूपच.

शुक्रवारी तिला राहवेना. बापाला सगळं सांगून टाकलं.

"माप न घेताच बेतलंस?" तो म्हणाला.

"एक कोपरा राहिला हो बाबा! एवढासा!"

"बाही एवढीशीच असते. ती चुकली की सदरा जातो."

"तुमचं बरंय. तुम्हाला उसवता येतं."

"मग तूही उसव. अजून कापलंय कुठे?"

"उसवलं तर वर्ष जातं माझं! खोटी पाहणी म्हणजे प्रबंध रद्द. पुढच्या महिन्यापासूनची नोकरी गेली, ती वेगळीच."

बापाने पुन्हा मशीन सुरू केलं, आणि भिंगरीला त्याचा भयंकर राग आला.

शनिवारी ती यंत्राच्या आधी पोहोचली. झुडपं असू देत, नुसती झुडपं असू देत, असं घोकत ती जाळीतून आत शिरली. ओढणी फाटली, हात ओरबाडले. आत गेली आणि मान वर करून बघतच राहिली. झुडपं कसली! एकेक बुंधा दोन माणसांच्या मिठीत मावला नसता. वर आभाळ दिसत नव्हतं. आवारातलं पाणी वर्षानुवर्षं इथेच येत होतं, ते पिऊनच ही झाडं वाढली होती. पाणी जिथे मुरतं तिथे झाडं दांडगी असणार, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. तिला मेलीला कळलं नव्हतं.

बाहेर यंत्राची घरघर सुरू झाली. ती धावतच मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"थांबा! आत मोठी झाडं आहेत."

त्याने नकाशा उलगडला. "इथे तर झुडपं लिहिलंय, बाई."

"ते मी लिहिलंय. न बघता लिहिलंय."

"असेल. पण सही मॅडमची आहे. मी सहीचं ऐकतो."

तिने मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

प्रश्नाचा रोख भिंगरीला बरोबर कळला. 'कुणाला नाही' म्हटलं असतं, तर आज नुसतं काम थांबलं असतं, नकाशा गुपचूप बदलला असता आणि पदवीही पदरात पडली असती. शब्द जिभेवर आलेसुद्धा.

"मुकादमांना सांगितलंय मी," ती म्हणाली. "आणि सोमवारी विभागात लेखी देणार आहे."

"फोन दे त्यांना."

मुकादम तीनदा "हो मॅडम" म्हणाला. त्याने हात वर केला तसं यंत्र बंद झालं. फोन परत तिच्याकडे आला.

"मी तरी कुठे आले होते तो कोपरा बघायला?" मॅडमचा आवाज उतरला होता. "तुझं वर्ष मला वाचवता येणार नाही. पत्रावर माझंही नाव घाल."

भिंगरीला रडू फुटलं. मुकादम अवघडून नकाशाची घडी घालत राहिला.

"किती झाडं आहेत म्हणता आत?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "मोजते."